बाहेरच्या बाकड्यावरचा चहा

गंगाखेडच्या बसस्टँडजवळ एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं भट्टी, रस्त्याकडं तोंड करून मांडलेली लाकडी बाकडी आणि आत कोपऱ्यात पडदा लावलेली एक खोली. पडद्याच्या वर पेंटरनं लाल अक्षरांत 'फॅमिली रूम' असं लिहिलेलं. माझं माहेर आणि सासर दोन्ही गंगाखेडातच. त्या हॉटेलावरून मी लहानपणापासून हजारदा गेले असेन, पण आत पाय ठेवला नव्हता. का ठेवला नाही, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. बाया तिथं बसत नव्हत्या, एवढंच.

मी राणीसावरगावच्या पुढं एका खेड्यात शाळेवर शिक्षिका आहे. रोज सकाळच्या गाडीनं आम्ही तिघीजणी जातो. एक माझ्याहून वयानं मोठ्या, त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. दुसरी दोन वर्षांपूर्वी नव्यानं लागलेली, चारठाण्याची पोरगी. तिचं लग्न व्हायचं होतं, बोलणं सडेतोड आणि सकाळी चहा प्यायल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे. ती भाड्याच्या खोलीत राहायची आणि तिथला गॅस कधी संपेल याचा नेम नसायचा.

एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही लिंबाच्या झाडाखाली गाडीची वाट बघत उभ्या होतो. कारखाना सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या. समोर हॉटेलात गडीमाणसं निवांत बसून गरम चहाचे घोट घेत होती. चारठाण्याची म्हणाली, "मॅडम, आपुन काय म्हणून इथं कुडकुडत उभं ऱ्हायलाव? चला, चहा पिऊ."

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तिथं कुठं? सगळे गडी हायेत."

"मग? त्यांचा चहा वायला अन् आपला वायला असतो का?"

ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. आम्ही तिच्या मागं. हॉटेलवाला तिला बघून गडबडला. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसत म्हणाला, "या मॅडम, आत बसा. फॅमिली रूम हाय."

तिनं पडदा बाजूला करून आत डोकावलं. मीही डोकावले. आत कांद्याच्या गोण्या, दोन गॅस सिलेंडर, एक टेबल आणि मिणमिणता दिवा. खिडकी नाही. आत बसलं तर गाडी कधी आली आणि कधी गेली, काही कळायची सोय नव्हती.

"आमी बाहेरच बसतो," ती म्हणाली. "इथनं गाडी दिसती."

एवढंच कारण होतं. पुढं जो काही गोंधळ झाला त्यात लोकांनी फार मोठमोठे शब्द वापरले, म्हणून हे आधी सांगून ठेवते. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो, कारण तिथून गाडी दिसत होती.

पहिल्या दिवशी मोठ्या मॅडमनी पदर तोंडावर घेऊन तीन घोटांत चहा संपवला. जीभ भाजली त्यांची. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर खाली ठेवला. मग हळूहळू आम्हाला ती जागा आवडायला लागली. हॉटेलवाला आम्ही दिसलो की आलं ठेचायला घ्यायचा. शेजारच्या बाकड्यावर जीपचे ड्रायव्हर असायचे, आणि कोपऱ्यात, पेपर डोळ्यांसमोर धरून, आमचे गुरुजी.

गुरुजी म्हणजे मला सातवीत मराठी शिकवणारे. आता ऐंशीच्या घरात आहेत. आवाज तसाच खणखणीत. आमच्या वस्तीतल्या पोरी सातवीनंतर शाळेतून निघायच्या, तेव्हा याच माणसानं घरी येऊन माझ्या वडिलांना सांगितलं होतं, की हिला काढू नका. वडील काढणार नव्हतेच, पण गुरुजी आमच्या बौद्धवाड्यात येऊन, खाटेवर बसून, पाणी पिऊन गेले, हे आमच्या घरात अजून बोललं जातं. तेव्हा त्यांच्याबद्दल मनात आदर आहे आणि तो पुढच्या सगळ्या भांडणातही कमी झाला नाही.

आठवडाभर गुरुजी काही बोलले नाहीत. मी "नमस्कार गुरुजी" म्हणायची, ते पेपराच्या वरून मान हलवायचे. मग एका रविवारी गावच्या व्हाट्सअप ग्रुपवर त्यांनी लिहिलं: शिकल्यासवरल्या बाया भर रस्त्यावर, गडीमाणसांच्या शेजारी बसून हॉटेलात चहा ढोसताना दिसतात, यालाच स्त्रीमुक्ती म्हणायचं का, आणि शाळेतल्या लेकरांनी यातून काय घ्यायचं?

नाव कुणाचं नव्हतं. पण आमच्या गावात नाव लिहावं लागत नाही.

दिवसभर ग्रुप पेटला. कुणी लिहिलं, बायांनी घरून थर्मास न्यावा. कुणी लिहिलं, मग गड्यांनी का नेऊ नये? पुण्यात शिकणाऱ्या एका पोरीनं पुरुषसत्ता या विषयावर एवढं लांब लिहिलं की ते उघडायलाच वेळ लागत होता. त्यावर तिच्याच चुलत्यानं तिला अभ्यासात लक्ष द्यायला सांगितलं. मधेच एकानं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकलं, भर दुपारी. मी वाचत होते आणि कान गरम होत होते. माझा नवरा कारखान्यात क्लार्क आहे, मुळात शांत माणूस. तो म्हणाला, "तुला उत्तर द्यायचं असंल तर तोंडानं दे. फोनवर भांडायला लागलीस तर संक्रांतीपत्तोर संपायचं न्हाई."

सोमवारी मोठ्या मॅडम झाडाखालीच थांबल्या. सासूनं ग्रुपवरचं कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मला तकरार नको घरात," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी बसलो खऱ्या, पण चहाला चव नव्हती. त्या दिवशी गुरुजी आलेच नाहीत.

संध्याकाळी मी माहेरी गेले. वडील ओट्यावर बसले होते. ते तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झालेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझा बाप मला बाजाराला घेऊन जायचा. हॉटेलाच्या बाहेर भिंतीत एक कोनाडा होता. तिथं आपल्या लोकांसाठी येगळी कपबशी. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झाला की बाप ती धुवून परत कोनाड्यात ठेवायचा. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा आत बाकड्यावर जाऊन बसलो. कुणी काही बोललं न्हाई. पण माझे हात इतके थरथरायले होते की बशीत सांडला चहा. तरी बसलो. उठलो न्हाई."

मी म्हणाले, "मग मी बी उठू नको ना?"

"बिलकुल उठू नको."

मग माझ्या तोंडातून सहज निघून गेलं, "पण दादा, तुमी आईला कधी नेलं हॉटेलात?"

"न्हाई," म्हणाले. "ते डोक्यातच आलं न्हाई कधी."

आई दारातच तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला कशाला नेता? मला चहाच आवडत न्हाई." वडील हसले, मग मीही हसले. पण वडील त्या संध्याकाळी दोनदा तिच्याकडं बघून काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी त्यांच्या कोपऱ्यात होते. मी कप घेऊन सरळ त्यांच्या समोरच्या बाकड्यावर जाऊन बसले. पाठ आपोआप ताठ झाली. सातवीतल्या पोरीसारखी.

"गुरुजी, तुमी लिहिलेलं वाचलं."

"वाचलंस? बरं केलंस." त्यांनी पेपराची घडी केली. "हे बघ, मी बायांच्या इरोधात न्हाई. ते तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय."

"पण गड्यांनी जी जी वाईट सवय लावून घेतली, ती ती बायांनी लावून घ्यायची, याला समानता म्हणायचं का?"

"चहा वाईट हाय का गुरुजी?"

"चहा न्हाई. हॉटेलात बसणं."

"मग तुमी?"

बाजूचे ड्रायव्हर खुसखुसले. गुरुजी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "हसू नका. मी म्हातारा मानूस. मला काम काय हाय दुसरं?"

चारठाण्याची मागून बोलली, "गुरुजी, आमच्या गावात जुनी मंदिरं बघायला पुण्याच्या बाया येतात. टपरीवर बसून चहा पितात. लोक कौतुकानं त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतात. त्या प्यायल्या तर पाहुण्या, अन् आमी प्यायलो तर लेकरं बिघडतात?"

एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम बसायल्या तवापासून इथली शिवीगाळ बंद झाली, हे मातर खरं हाय."

"अन् हीच तर दिक्कत हाय!" त्याचा सोबती म्हणाला. "सकाळी सकाळी मोकळं बोलता बी येईना. घरी बी तोंड सांभाळा, इथं बी सांभाळा."

सगळे हसले, पण गुरुजींनी बोट वर केलं, वर्गात करायचे तसं. "हसण्यावारी नेऊ नका. हा खरं बोलला. गड्याला बी एक जागा लागती, जिथं त्याला कुणी बघत न्हाई."

खरं सांगते, तो ड्रायव्हर काही वाईट माणूस नव्हता. रोज आमच्यासाठी बाकडं सरकवून द्यायचा. त्याची सकाळची थोडीशी मोकळीक आमच्यामुळं गेली होती, हे खोटं कसं म्हणू?

"मग आमची जागा कोणती गुरुजी?" मी विचारलं.

त्यांनी पडद्याकडं हात केला. "ती काय. तुमच्यासाठीच केलीय."

मला एकदम राग आला. कांद्याच्या गोण्या डोळ्यांसमोर आल्या आणि का कोण जाणे, वडिलांनी सांगितलेला तो कोनाडाही. मी उठून हॉटेलवाल्याला म्हणाले, "तो पडदा काढून टाका. आत्ता. बायांना कोंडून ठेवायला काय गुन्हा केलाय का त्यांनी?"

हॉटेलवाला झारा हातात धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "नका हो काढू, मॅडम. मी लेकराला पाजायलेय."

आत कुणी आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती बाई पुन्हा बोलली, अगदी शांतपणे, "तुमी बसा की बाहेर. तुमाला कोण नको म्हणतंय? पण मला आतच बरं हाय. फकस्त ह्या गोण्या हलवायला सांगा. टेकायला जागा न्हाई, अन् कांद्याच्या वासानं लेकरू शिंकायलंय."

गुरुजींचा चेहरा खुलला. "बघ!" म्हणाले. "बायांनाच पडदा पाहिजे."

"तिला पाहिजे," चारठाण्याची म्हणाली. "मला नको. दोघींचं बी ऐका की."

मी खाली बसले. मला थोडी लाज वाटत होती आणि मनात कुठंतरी बरंही वाटत होतं. मी त्या बाईच्या वतीनं एवढ्या तावातावानं भांडत होते आणि तिला माझं भांडण नकोच होतं. तिला हवी होती फक्त जागा. हॉटेलवाल्यानं दोन ड्रायव्हरांना हाताशी घेऊन, ती बाई बाहेर आल्यावर, गोण्या उचलून मागं नेल्या. ती गंगाखेडहून माहेरी निघालेली, विशीतली पोर होती. कडेवर टोपडं घातलेलं बाळ. ती आमच्याकडं बघून हसली आणि आपल्या गाडीकडं गेली. आमची गाडी लागल्याचं ओरडून ओरडून कंडक्टर थकला होता. त्या दिवशी आम्ही पळत जाऊन गाडी पकडली आणि मोठ्या मॅडमनी, ज्या झाडाखालून सगळं बघत होत्या, आमच्यासाठी दार धरून ठेवलं होतं.

"काय झालं, काय झालं, सगळं सांगा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत बाकड्यावर आल्या. सासूचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना सांगितलं, गुरुजी बी तिथंच बसत्यात. मग गप झाल्या."

गुरुजी मात्र हार मानणारे नव्हते. पुढच्या शनिवारी ते एकटे आले नाहीत. मागून काकू आल्या, त्यांची बायको. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, चाल सावकाश. गुरुजींनी त्यांना आमच्यासमोर उभं केलं.

"हिलाच विचारा," म्हणाले. "ही जन्मात कधी हॉटेलात बसली न्हाई, अन् तिला बसावं बी वाटलं न्हाई. माझी जबरदस्ती कधी नव्हती. खोटं असंल तर हिनं सांगावं."

काकूंनी आधी सगळं हॉटेल नजरेखालून घातलं. भट्टी, बरण्या, बाकडी, ड्रायव्हर. मग गुरुजींना विचारलं, "तुमी रोज इथंच बसता व्हय?"

"व्हय."

"मला तर म्हणता, नदीवर फिरून येतो."

हॉटेलवाल्याला एवढं हसू आलं की त्याच्या हातातलं पातेलं हिंदकळलं. गुरुजींचे कान लाल झाले. मी काकूंना बाकड्यावर जागा करून दिली. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

मी विचारलं, "काकू, खरंच कधी वाटलं न्हाई का?"

त्यांनी थोडा विचार केला. "लगीन झाल्यावर आमी माझ्या माहेराहून यायलो होतो. परभणीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. लय ऊन होतं. हे हॉटेलात जाऊन चहा पिऊन आले. मी गाठोडं सांभाळत बाहेर बसले. तवा वाटलं होतं."

सांगताना आवाजात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट आठवली म्हणून सांगावी तसं सांगितलं.

"मला न्हाई आठवत," गुरुजी म्हणाले.

"तुमाला कसं आठवंल? तुमी आत होता."

गुरुजी टोपी काढून तिच्यातली नसलेली धूळ झटकायला लागले. मग स्वतः उठले, हॉटेलवाल्याकडं गेले आणि कप घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी घरात पाण्याचा तांब्या स्वतः उचलला नसेल, पण तो कप त्यांनी दोन्ही हातांनी धरून, न सांडता काकूंसमोर ठेवला.

काकूंनी बशीत ओतून चहा प्यायला. म्हणाल्या, "साखर लय घालतो हा. अन् आलं कमी हाय." मग समोरच्या परातीकडं बघून विचारलं, "ते भजे ताजे हायेत का?"

ताजे होते. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. काकू आमच्या बाजूच्या झाल्या असं वाटून चारठाण्याची खूश झाली होती. पण काकूंनी तिच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं बाकीचं पटलं मला. पण मास्तरणीनं केस असे मोकळे सोडून शाळेत जाऊ नये." त्यावरून त्या दोघींची जी जुंपली, ती गाडी येईपर्यंत चालली. काकू हरल्या नाहीत आणि तिनं केस बांधले नाहीत.

गुरुजींनी ग्रुपवर नंतर काही लिहिलं नाही. माफी नाही, माघार नाही. "मत बदललं न्हाई माझं," असं मला दोनदा सांगितलं. पण दर शनिवारी काकूंना घेऊन येतात आणि चहा स्वतः आणून देतात. ड्रायव्हरांनी आपलं मोकळं बोलणं टायरच्या दुकानाकडं नेलं. तिकडं त्यांचं बरं चाललंय, असं ते सांगतात. हॉटेलवाल्यानं खोलीला खिडकी पाडली, पंखा बसवला. पडदा आहेच. कधी त्यामागून बाळाचा आवाज येतो, कधी नवीन लग्न झालेलं जोडपं आत जाऊन बसतं, कधी दोन म्हाताऱ्या बाया पाय वर घेऊन गप्पा मारतात. बाहेरच्या बाकड्यांवर आता दवाखान्यातल्या सिस्टर बसतात, परीक्षेला निघालेल्या पोरी बसतात. कुणी त्यांच्याकडं वळूनही बघत नाही. हे कधी झालं ते नेमकं सांगता येणार नाही.

भांडणं संपलीत असं मात्र नाही. गेल्या महिन्यात गुरुजींच्या नातीचं लग्न ठरलं. तिनं सांगितलं, लग्नानंतर मी माझं आडनाव बदलणार नाही. गुरुजी सकाळीच बाकड्यावर माझ्याकडं आले. "तू तिला समजावून सांग. तुझं ऐकंल ती."

"काय समजावू गुरुजी?"

"की हे जरा जास्त व्हायलंय."

"पण मला तर जास्त वाटत न्हाई. मी माझं बदललं, कारण तवा विचारच आला न्हाई मनात. तिला आला."

"मग घराची ओळख कशी ऱ्हायची? लेकराचं आडनाव काय लावायचं?"

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "गुरुजींचं बी खरं हाय, लेकराचा घोळ व्हतो." चारठाण्याची म्हणाली, घोळ कागदांचा होतो, लेकराचा नाही. हॉटेलवाल्यानं न सांगताच दुसरा चहा टाकला. मी गुरुजींना बजावून सांगितलं, की मी नातीला काही सांगणार नाही, फार तर लग्नात जेवायला येईन. ते म्हणाले, "जेवायला तर यायचंच हाय, ते काय मी तुला विचारायलोय?"

तेवढ्यात गाडी लागली. आम्ही चढलो, जागा पकडल्या. खिडकीतून बघितलं तर गुरुजी आमच्या रिकाम्या बाकड्याकडं पाठ करून, शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला तोच मुद्दा पहिल्यापासून समजावून सांगत होते, आणि तो बिचारा मान हलवत बशीत चहा गार करत होता.